काळाचौकीतला भोंगा आणि आमची पाव्हणी

हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस अडलो होतो. भूतखेत, संकेत वगैरेंवर माझा विश्वास नव्हता... खरं सांगायचं तर आजही नाही. मी माणदेशातल्या मेंढपाळाचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. गावच्या शाळेतले गुरुजी सांगायचे, डोळ्यांनी बघ, मग बोल. त्यांच्यामुळेच इथवर आलो. पण हे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. ऐकलंय.

परळला एका बंद गिरणीच्या जागेवर टॉवर झालाय, त्यात आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. सह्याद्रीतल्या एका पठारावरून नाहीसे झालेले लांडगे तिथे परत सोडायचे, हे आमचं काम. नोकरी लागली तेव्हा माझे वडील, आबा, म्हणाले, "आरं, आमी जल्मभर त्येला हाकललं, आन् तू पगार घिऊन बोलवाया निघालास व्हय!" आमच्या घरात कळपाजवळ लांडग्याचं नाव घेत नाहीत. 'पाव्हणा' म्हणतात. मादी असेल तर पाव्हणी. ऑफिसातही माझी ती सवय सुटली नाही.

पावसाळ्यानंतर पहिली जोडी सोडली. दोघांच्या गळ्यात कॉलर, आणि सिग्नल बघायला परळमध्ये मी. ऐन थंडीत मादीचा सिग्नल बंद पडला. पठारावर राहून काम करणाऱ्या प्रशांतने सगळं पठार पालथं घातलं... काहीच नाही. नर तेवढा पठाराच्या कडेकडेने फिरत होता.

शेवटी संस्थेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "ती गेली असं धरू या. हा एकटा गावात उतरला तर लोक मारतील. उद्या त्याला पकडून परत आणा."

म्हणजे सगळा प्रकल्पच संपला. पिंजऱ्यात वाढलेले बाकीचे लांडगे डोंगर कधीच बघणार नव्हते.

त्या संध्याकाळी मी काळाचौकीला घरी आलो. तिथे चाळीत मालवणकडच्या काका-काकींकडे मी राहतो. त्यांनी मला मुलासारखं सांभाळलंय. काका जुने गिरणी कामगार, भोंगा वाजला की कामाच्या पाळीला धावणारे. दिवेलागणीला आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो, आणि तो आवाज आला. आधी खोल, मग चढत चढत गेलेला, वर बराच वेळ टिकलेला... आणि हळूहळू उतरलेला.

काका ताडकन उठले आणि पायाने चपला शोधायला लागले. "भोंगो झालो!"

शेजारच्या सुर्वेवहिनी दारात आल्या. "भोंगा वाजला का हो काका?"

"खुळे झालात काय?" आतून काकी. "गिरणी बंद पडान किती वर्सां झाली! भोंगो खंयचो वाजतलो?"

माझ्या अंगावर काटा होता. भोंगा मी जन्मात ऐकलेला नाही. मी ऐकली ती आमच्या माळावरची हाक. आणि ती थांबल्यावर तिच्यामागून बारीक, चिरके, एकमेकांत अडकलेले आवाज... पिल्लांचे.

"पाव्हणी!" मी ओरडलो.

"कोण पावणी इली?" काकी बाहेर आल्या. "चाय टाकू काय?"

मी मॅडमना फोन लावला. "मॅडम, ती मेली असेल म्हणून आपण मोकळ्या पठारावर शोधतोय. पण व्याली असेल तर? मग ती पाणी धरून राहील. खालच्या ओढ्याच्या कपारी बघितल्यात का कोणी?"

"हे आत्ता कुठून सुचलं तुला?"

खोटं बोलवेना. "ऐकू आली, मॅडम."

"काळाचौकीत?"

"हो."

फोनवर नकाशा उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "उद्याचा एक दिवस. त्यानंतर पिंजरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रशांतचा फोन आला, कुजबुजत. "अरे, ओढ्यावरच्या कपारीत बसलीय तुझी पाव्हणी! कॉलरची अँटेना तुटलीय. आणि पिल्लं... एक, दोन... अरे थांब, हलतायत, मोजू तर दे!"

मी जिन्यात जाऊन रडलो. मग आबांना फोन केला.

"जिती हाय?"

"जिती आहे आबा. लेकुरवाळी आहे."

"मंग तिथल्या मेंढक्यांनी आता नीट राखण कराया पायजे," आबा म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "बरं झालं."

मी नंतर पुष्कळ चौकशी केली. शेजारी रिडेव्हलपमेंटचं काम चालू आहे, तिथला सायरन? वॉचमन म्हणाला, इथे सायरनच नाही. रे रोडच्या बाजूच्या गोदीतलं एखादं जहाज? ते भोंगे आता मला ओळखू येतात. काळजीने मला भास झाला म्हणावं, तर काका आणि सुर्वेवहिनींनी काय ऐकलं? आणि पिल्लांचे आवाज त्या दोघांना का आले नाहीत?

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या लांडग्याचा माका काय कळणा नाय. पण भोंगो झालो, ह्या खरा. आणि भोंगो झालो म्हणजे पाळी सुरू."

परवा आम्ही दुसरी जोडी सोडली. घरी आलो तर काकांनी गॅलरीतूनच हाक मारली, "काय रे, दुसरी पाळी गेली काय कामार?"

"गेली, काका!"

हल्ली दिवेलागणीला आम्ही दोघं गॅलरीत कान देऊन बसतो. काका चपला घालूनच बसतात.