येतो गं

हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. पन्नाशीत पदवीचा हट्ट धरला होता आणि रत्नागिरीत विद्यापीठाच्या संगणक कक्षातून शेवटचा प्रकल्प पाठवला. पडद्यावर 'स्वीकारला' उमटलं मात्र, मी लहान पोरासारखा उडालोच! शेजारच्या मुलीला "झालं! येतो गं," म्हणालो आणि चहाला पळालो. आपल्याकडे निघताना 'जातो' कोण म्हणतं?

ती रोज शेजारी बसे. निळा स्कार्फ, टाइप करताना प्रत्येक अक्षर ओठांत पुटपुटायची. नाव कधी विचारलं नाही.

अर्ध्या चहात आठवलं, लॉगआउट राहिलं! धावत आलो. दाराशी चपला काढतोय, तोच आतून कक्ष सांभाळणाऱ्या सरांचा आवाज आला. ती माझ्या खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"दुसऱ्याच्या खात्यावर बसायचं नाही, हा नियम वाचला नाहीस?"

"हात नाय लावला, सर. काका उघडं टाकून गेले. कोणी काय पुसलं तर? म्हणून राखत बसले."

"मग कुठे आहेत तुझे काका?"

"येतो म्हणालेत ना, सर. येतील."

खातं उघडं सोडलं तर प्रवेश बंद आणि प्रकल्प रद्द, असं भिंतीवरच लिहिलं होतं. हातातला प्रकल्प जाईल या भीतीनं मी चपला पुन्हा पायात घातल्या. मागून ऐकू आलं, "आठवडाभर इथे दिसू नकोस." तिचा प्रकल्प अजून अर्धाच होता.

पदवी मिळाली. त्या दारातून आत जाऊन 'चूक माझी होती' म्हणणं, एवढं मी अजून तिचं देणं लागतो.