ठेवणीतलं लुगडं

"ही बाई काढून टाका. गरीब वाटत नाही."

सर असं म्हणाले आणि त्यांनी रिमोटचं बटण दाबलं. टीव्हीवर माझी आई तोंड उघडं टाकून थांबली. हसत होती ती. डोक्यावर भाजीची पाटी, अंगावर हिरवं जरीकाठी लुगडं, मागं मंडई.

शनिवार पेठेतल्या एका संस्थेचं ऑफिस होतं ते. सर तिथले कार्यवाह. निवृत्त प्राध्यापक, वागायला सज्जन. मंडईत गिऱ्हाइकाची भाजी डोक्यावरून त्याच्या घरी पोचवणाऱ्या बायका असायच्या, पाटीवाल्या. त्यांच्यावर मी माहितीपट करत होते आणि त्यामागं ही संस्था उभी होती. अजून कच्चाच होता सिनेमा. बघायला सर आणि संस्थेतल्या दोन बाई बसल्या होत्या.

मी म्हणाले, "सर, ती माझी आई आहे."

वाटलं, आता तरी ओशाळतील. कसलं काय.

"अरे वा. मग तर सोपंच झालं. त्यांना जुनंपानं काहीतरी नेसवा आणि परत शूट करा. आणि हसू नका म्हणावं."

दोन्ही बाईंनी माना डोलावल्या. मग चहा आला. सगळ्यांना आला तसल्याच कपात मलाही आला. कप वेगळा ठेवायचे दिवस गेले. आता सगळं गोड बोलून होतं.

तोवर या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली होती. सुरुवात दुसऱ्यांच्या सिनेमांचे लाइट उचलण्यापासून. मला घ्यायचे, कारण मी येरवड्याच्या वस्तीतली. वस्तीत शिरायला बरी. मी आत जाऊन बायकांना बोलतं करायचं, तोवर दिग्दर्शक जीपमध्ये. सिनेमात माझं नाव शेवटी, विशेष आभारात. नवीन माणूस भेटला की आधी आडनाव विचारणार. मग गाव कुठलं. मी म्हणायची येरवडा. "तसं नव्हे हो, मूळचं." मूळचं सांगितलं की एक लांब "अच्छा" यायचा. असे इतके अच्छा ऐकलेत मी, की आता रागही येत नाही. कंटाळा येतो. हाडापर्यंत गेलेला कंटाळा.

आणि आई का नटली होती ते सांगते. आमच्याकडं फोटो म्हणजे चेष्टा नाही. फोटो काढायचा तर डोक्याला तेल, तोंडाला पावडर, ठेवणीतलं लुगडं. सिनेमा निघणार म्हटल्यावर साऱ्याच पाटीवाल्या लग्नाला निघाल्यागत आल्या. एकमेकींच्या बांगड्या घालून. मला तर गंमत वाटली. म्हटलं, असंच घेऊ. रोजचं ओझं तर वाहायचंच होतं त्यांना, ते त्यांनी जरीच्या लुगड्यात वाहिलं. सबंध मंडई बघत होती. आई असल्या ऐटीत चालली की मला तिच्या मागं कॅमेरा घेऊन पळावं लागलं.

संध्याकाळी घरी गेले. आईला सांगितलं, त्यांना पसंत नाही पडलं. का म्हणाली. म्हटलं, तू गरीब वाटत नाहीस. मला वाटलं होतं, शिव्या घालेल. तोंडाची फटकळ बाई ती, मंडईत भल्याभल्यांना ऐकवायची.

ती उठली. मोरीजवळ पोतेरं वाळत होतं, तिचंच कधीकाळचं लुगडं, अर्धं फाडलेलं. ते तिनं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"एवढं चालंल का त्यांना? का आजून फाडू?"

 ती चेष्टा करत नव्हती. लेकीचं काम अडू नये, एवढंच तिच्या डोक्यात. त्यासाठी ती फरशी पुसायचं फडकं नेसून साऱ्या पुण्यासमोर जायला तयार होती, आणि तेही घडी नीट करून. मी ते तिच्या खांद्यावरून ओढून घेतलं. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला कळेना, मी तिच्यावर का ओरडतेय.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या वेळेला गेले. कॅसेट मशिनमध्येच होती. काढली, पिशवीत टाकली. सर चष्मा पुसत होते.

"अहो, असं भावनेच्या भरात करू नका," सर म्हणाले. "हसणाऱ्या बाईला मदत कोण करणार, सांगा बरं?"

"मदत मागितली कुणी? ती काम करते."

"कॅसेट संस्थेची आहे."

"कॅसेट असेल. आई माझी आहे."

पिशवी पोटाशी धरून जिना उतरले. शूरबीर काही वाटलं नाही. आता पुढं काय करायचं, एवढंच वाटलं.

पुढं व्हायचं तेच झालं. बाई भांडकुदळ आहे, हे सगळीकडं पोचलं. बोलावणी थांबली. लग्नाच्या शूटिंगांवर दिवस काढले, अजून काढते. लोक विचारतात, काय मिळवलंत भांडून? खरं सांगू? काही नाही. सिनेमा अर्धाच राहिला. मंडईतल्या पाटीवाल्या एकेक करून कमी झाल्या. आईची मान धरते, डोळ्यांनाही कमी दिसतं. मीही दमलेय. कॅमेरा उचलला की खांदा बोंबलतो.

पण तो सिनेमा मी पुरा करणार आहे. कुणाच्या संस्थेत जाणार नाही, कुणासमोर कच्चा ठेवणार नाही. तयार झाला की पहिल्यांदा आई बघेल. सोबतीला ज्या पाटीवाल्या उरल्यात त्या बघतील. यातलं हे नको असं त्या म्हणाल्या, तर मी कापीन. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून एक फ्रेमही कापणार नाही.