खडूची पूररेषा

तमाम नाशिककरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गोदावरीचा पूर कुठवर येतो हे आमच्या ओळखीचे एक सर्वेअर खडूने ठरवत. पूररेषेच्या नकाशासाठी ते काठावरच्या आमच्या गल्लीत घरोघरी जात. "खरं सांगा हं, आई," असं दोनदा म्हणत आणि लोक दाखवतील तिथे भिंतीवर खूण करत. लोक गुडघाच दाखवत. रेषेत आलेलं घर पालिका पाडेल, ही धास्ती.

मग मोठा पूर येऊन गेला. सर्वेअर पुन्हा आले. शेजारच्या म्हातारीच्या भिंतीला छतापर्यंत गाळ होता. स्टुलावर चढून त्यांनी खडू टेकवला.

"कंबरेपर्यंतच लिही, भाऊ!"

"आई, पुन्हा पाणी आलं तर?"

"येऊ दे! पाण्यानं निदान घर तरी ठेवलंय!"