वर्गात बायकोला विचारलेला प्रश्न

फौजेतून निवृत्त होऊन वडूजला आलो आणि साताऱ्याला वकिलीच्या कॉलेजात नाव घातलं. बायको म्हणाली, "आवं, मी बी येते." बी.ए. तिनं लग्नानंतर बाहेरून केलं होतं. मला वाटलं, एसटीत सोबत होईल.

दोन महिन्यांत वर्ग तिचा झाला. मी पाठ केलेलं म्हणायचो, ती समजलेलं सांगायची. पोरंपोरी वह्या घेऊन तिच्याभोवती. पलटणीत माझ्या एका हाकेला जवान उभे राहायचे. इथं मला कुणी विचारत नव्हतं. आतून जळायचो.

एक दिवस अमेरिकेतलं न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे घटनेत न बसणारा कायदा रद्द करायचा कोर्टाचा अधिकार, हा विषय निघाला. सरांनी तिलाच उभं केलं.

"तिथल्या अध्यक्षानं पद सोडता सोडता नेमणुका केल्या," ती सांगू लागली. "एकाचं नेमणुकीचं पत्र कचेरीतच राहिलं. नवं सरकार ते देईना. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, पत्रावर तुझा हक्क हाय. पण ज्या कायद्याच्या आधारानं तू थेट आमच्याकडं आलास, तो कायदाच घटनेच्या इरुद्ध हाय. म्हणून तो रद्द."

सगळे कान देऊन ऐकत होते. मला बघवेना. मी हात वर केला. "पण कोर्टाला हा अधिकार घटनेत कुठं लिहून दिलाय?"

मला ते कलम सापडलं नव्हतं. तीही अडकेल, अशी खात्री होती.

"कुठंच न्हाई," ती म्हणाली. "घटना सगळ्या कायद्यांच्या वर, आन् कायद्याचा अर्थ लावणं कोर्टाचं काम. ह्यातनंच त्यांनी तो काढला. त्या माणसाला कोर्टानं पत्र दिलंच न्हाई, पण कोर्टाला केवढी ताकद मिळाली! पुढं कामगारांच्या भल्याचे कायदे त्यांनी पाडले, आन् काळ्या पोरांच्या येगळ्या शाळा बी त्यांनीच घटनाबाह्य ठरवल्या. आपल्याकडं मात्र घटनेतच लिवून ठेवलंय."

"प्रश्न छान होता, काका," सर म्हणाले. टाळ्या तिला पडल्या.

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "मला पाडायला इचारलं व्हय?"

"न्हाई गं."

"खरं सांगा."

पुसेगाव गेल्यावर मी म्हणालो, "व्हय."



निकालात ती पहिली आली. माझा घटनेचा विषय राहिला. आता रोज संध्याकाळी तीच शिकवते. मला चांगलं समजतं, आणि तेच जास्त टोचतं.