दहापर्यंत थांबणारी आत्या

माझी आत्या न बोलणाऱ्या मुलांची जीभ चिमट्यात धरून ओढते, अशी आमच्या गल्लीत बातमी आहे. खालच्या काकूंनी तर तो चिमटा पाहिलाय. "एवढा लांब गं," असं त्या हातांनी दाखवतात आणि दर वेळी चिमटा बोटभर वाढतो.

आत्याकडे चिमटा नाही. एक पिशवी आहे. तिच्यात कापडी बेडूक, खुळखुळा आणि साबणाच्या फुग्यांची बाटली. मुलांना बोलायला शिकवणं हे तिचं काम. आठवड्यातून दोनदा ती बालवर्गात नऊ मुलांना सतरंजीवर गोल बसवते, स्वतः बेडकासारख्या उड्या मारते, पोरं खिदळतात. मग घट्ट झाकणाची बाटली एकेकाच्या हातात देते आणि थांबते. मुलानं आपणहून "उघड" म्हणावं म्हणून. मनात दहा आकडे मोजते. तोवर कोणी सुचवायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. पोरांना हे पाठ झालंय. त्यांच्यातला शेंबड्या तर दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसतो. जमत नाही ते वर्गाच्या बाईंना. तिसऱ्या आकड्याला त्यांचं सुरू, "म्हण ना राणी, उघड म्हण, उ-घ-ड." हे मी हुबेहूब करते. आत्याचं "थां-बा-य-चं"सुद्धा.

नऊपैकी आठ जण बोलू लागले. राहिली मुठी. सदा मुठी आवळून बसते म्हणून मी ठेवलेलं नाव. घरी ती बादलीशी गप्पा मारते, वर्गात मात्र आठ महिन्यांत चकार शब्द नाही. शेवटी मुख्य बाई म्हणाल्या, "आम्हाला काही अडचण नाही हो. पण शुक्रवारी माझ्यासमोर बोलली नाही, तर पुढच्या वर्गात कशी घेणार, तुम्हीच सांगा."

मुठीच्या आईनं आत्याला फाटकात गाठलं. "बोलेल ना हो ताई?"

"मी थांबेन," आत्या म्हणाली. तेवढंच तिच्या हातात होतं.

गुरुवारी मी मुख्य बाई करून दाखवत होते, तेव्हा आत्या म्हणाली, "उद्याही पिशवी घेऊन ये माझ्याबरोबर. तासभर गप्प बसून दाखव. हरलीस तर आठ दिवस कोणाची नक्कल नाही."

"त्यात काय. लाव पैज."

शुक्रवारी मुख्य बाई पोरांच्या इवल्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसल्या. मांडीवर कागद. खिडकीबाहेर मुठीची आई. मी कोपऱ्यात, ओठ दातांत धरून. आठ जणांचं झालं, मग बाटली मुठीच्या हातात आली.

एक. दोन. वर्गाच्या बाईंनीही पदर तोंडात धरला. पाच. मुठीनं झाकणावर बोट फिरवलं. सात. तिचे ओठ विलग झाले, छाती भरून आली. आठ.

"उघड."

बारीक, ओलसर, चार वर्षांच्या पोरीचा आवाज. माझ्या तोंडातून. मी ठरवलं नव्हतं, निघूनच गेला.

"बोलली की," मुख्य बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. खिडकीबाहेर आईनं डोळ्यांना ओढणी लावली.

मुठीनं ओठ मिटले. ती माझ्याकडे बघत होती, आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तशी.

"ती नाही बोलली," आत्या म्हणाली. "माझी भाची बोलली."

"अहो, जाऊ द्या ना. लिहिते मी, बोलते म्हणून."

"मग पुढच्या वर्गात हिच्यासाठी कोण थांबेल?"

"म्हणजे 'नाही' लिहू?"

आत्यानं पुन्हा मोजायला सुरुवात केली. दहा झाले. आणखी दहा झाले. मुठीनं बाटली परत दिली. मुख्य बाईंनी काय लिहिलं ते आईला बाहेरूनच कळलं.

वाटेत आत्यानं पिशवी माझ्याकडून काढून स्वतःच्या खांद्याला लावली. आज पैज हरल्याचा पाचवा दिवस. सकाळी खालच्या काकू चिमट्याचं सांगत होत्या, आता तो हातभर झालाय. मी नुसतं ऐकून घेतलं.