रविवारसाठी राखलेलं चीज

घशाला रेडिएशन दिल्यापासून बाबांना प्रत्येक घास मातीसारखा लागायचा. वरण माती, पेज माती, मी सुट्टी टाकून केलेली खीरही माती. वजन असंच उतरत राहिलं तर पोटात नळी घालावी लागेल, असं डाएटिशियनने सांगितलं होतं. बाबांनी नळीची धास्तीच घेतली होती. "जिभेवर काही पडणारच नाही, त्याला काय जेवण म्हणायचं?" असं म्हणायचे.

इथे कार्डिफला माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणारी स्पॅनिश मैत्रीण माहेरून परतली ती तेतिया नावाचं चीज घेऊनच. गाईच्या दुधाचं, पालथ्या वाटीसारखं, वर छोटं टोक आणि पिवळसर पातळ साल. खाण्याआधी तासभर फ्रिजबाहेर ठेव, नाहीतर चव कळणार नाही, असं तिने बजावलं.

बुधवारी दुपारी मी ते कापलं. आतून मऊ, सुरीला चिकटणारं. एक फोड बाबांना दिली आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं. मग म्हणाले, "अगं, हे लागतंय जिभेला!"

चार फोडी खाल्ल्या त्यांनी. एकेक विरघळवत, डोळे मिटून. "किंचित आंबूस आहे. सायीसारखं. गावात असलं काही आमच्या वाट्याला कधी आलं नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले.

उरलेलं अर्धं चीज कागदात गुंडाळून मी फ्रिजमध्ये ठेवलं. रविवारी विहारातली मंडळी बाबांना भेटायला येणार होती. घरातलं चांगलं ते पाहुण्यांसाठी राखायचं, हा बाबांचाच नियम. त्यांच्या लहानपणी गावातलं कुणी त्यांच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. म्हणून पुढे जो दारात येईल त्याच्या ताटात उत्तम तेच पडलं पाहिजे, हा हट्ट. लहानपणी मला या नियमाचा भयंकर राग यायचा.

गुरुवारी त्यांनी विचारलं, "कालचं ते आहे का गं?"

"आहे ना बाबा, पण संडेला सगळे येतायत. तेव्हा मिळून खाऊ. आत्ता थोडं सूप घ्या, प्लीज."

त्यांनी सूपची वाटी पुढे ओढली. स्वतःचाच नियम, मोडणार कसा? शुक्रवारी काही विचारलं नाही, पण मी फ्रिज उघडला की मान वळवून बघायचे. मला ते दिसत होतं. दिसूनही मी दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी पाण्याचा घोटही उतरेना. ठसक्यावर ठसका, मग अँब्युलन्स. रविवारी मंडळी हॉस्पिटलमध्ये त्यांना पाहून घरी आली. मी चीज तासभर आधी काढून ठेवलं होतं.

सोमवारी नळी बसली. पुढे सात आठवडे ते जगले, तोंडाने काहीही न घेता.

त्या सोमवारी संध्याकाळी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज जेमतेम फुटत होता.

"मंडळींना दिलंस ना?"

"दिलं, बाबा."

"आवडलं?"

"खूप. काही उरलंच नाही."

त्यांनी समाधानाने मान हलवली. खरं तर मंडळींना ते फिकं लागलं होतं. निम्मं ताटांतच राहिलं होतं आणि मी ते कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं होतं.