ह्यांच्या वाटणीचे ग्लास

द्राक्षाच्या चोथ्याचा टेम्पो घरापुढून गेला की त्या आंबट वासाने मला वाइन कंपनीतली ती दुपार आठवते. आम्ही कंपनीला द्राक्षं घालायचो, म्हणून त्यांनी सगळ्या बागायतदारांना कारखाना बघायला बोलावलं होतं. सकाळी काढणी करून माझे पाय भरून आले होते, आणि माहिती सांगणारी पोरगी आम्हाला तासभर गार टाक्यांमधून फिरवत होती. शेवटी तिने चवीसाठी ग्लास मांडले. ह्यांनी दारू सोडून तीन वर्षं झाली होती, आणि ती सोडवताना मी अर्धी झाले होते. "घ्या काका, तुमच्याच द्राक्षांची आहे," पोरगी म्हणाली. कंपनीचे साहेब बघत होते. ह्यांचा हात पुढे गेला, तेवढ्यात मी तो ग्लास उचलून रिकामा केला. जन्मात पहिल्यांदा प्याले. ह्यांच्यापुढे आलेले नंतरचे दोन्हीही मीच संपवले. "वहिनी, आमच्याकरता ठेवा की जरा!" शेजारचा बागायतदार ओरडला. "लय तहान लागलीय," मी म्हटलं. परतताना एसटीत ह्यांनी हळूच विचारलं, "कशी होती गं?" "कडू. फवारणीच्या औषधासारखी," मी म्हटलं. खरं म्हणजे दुसरा ग्लास चांगला होता. हे अजून कधीमधी विचारतात. मी अजून कडूच सांगते.